विहिरीत फुसके बार राहिलेत, वरून ब्रेकर लावला तर ठोक्यानं उडतील का?

कास्तकार_घाटंजी

राम राम मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. वावरातली विहीर २८ फुटांवर आहे, वरचे १२ फूट मुरूम, खाली मांजऱ्या आणि त्याखाली काळा पत्थर. शेवटच्या फेरीत ११ भोकं भरली होती. आवाज कोणी ८ मोजले, कोणी ९. ठेकेदार दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर घेऊन गेला तो परत आला नाही. मग पाऊस लागला, विहिरीत पाणी भरलं. आता पाणी थोडं उतरलं तर एका कोपऱ्यात दगडाच्या फटीतून पिवळी प्लास्टिकची बारीक नळी वर आलेली दिसते.

दुसरा एक जण पोकलंडला ब्रेकर लावून उरलेलं काम करून देतो म्हणतो. त्याचं म्हणणं असं की बारूद ठोकल्यानं उडत नाही, वात लावावी लागते. आणि दोन-तीन महिने पाण्यात राहिलं म्हणजे मेलंच समजा. गावातले काही म्हणतात हो, काही म्हणतात नाही. एक जण तर सब्बल घेऊन उतरायला तयार आहे, नळी ओढून काढतो म्हणे.

नेमकं खरं काय? ठोक्यानं, घासण्यानं बारूद उडते का? उडत असेल तर किती जोराचा ठोका लागतो? आणि आता करायचं काय?

सुरुंग_वणी

भाऊ, बाकीचं नंतर वाचा, आधी एवढं करा. सब्बलवाल्याला वरच थांबवा. विहिरीत कोणालाही उतरू देऊ नका. यारीचं टोपलं, पंपाचा पाइप, गळ, काहीही खाली सोडू नका. काठाला काटेरी फांद्या लावून माणसं-ढोरं दूर ठेवा. काठावरचे सुटे दगड आत पडणार नाहीत असे मागे घ्या, पण कडेला उभं राहून नाही. आणि ब्रेकरवाल्याला नाही म्हणून सांगा.

आता कारण. तुमच्या भोकांत दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि गावात दोघींनाही बारूदच म्हणतात, तिथंच घोटाळा होतो. एक म्हणजे तोटा. हल्लीचे तोटे इमल्शनचे किंवा स्लरीचे असतात, अमोनियम नायट्रेटवर आधारलेले, हाताला मऊ, ग्रीससारखे. ते ठोक्याला खरंच दाद देत नाहीत; ब्रेकरवाला जे म्हणतो ते या अर्ध्या भागापुरतं खरं आहे. दुसरी वस्तू म्हणजे केप. करंगळीपेक्षा बारीक ॲल्युमिनियमची नळी, तिच्या तळाशी पीईटीएन नावाचं जोरदार स्फोटक आणि त्याच्या वर लेड अझाइड या अगदी नाजूक स्फोटकाचं मिश्रण. तोट्याला उडवायचं कामच केपचं, म्हणून ती मुद्दाम नाजूक बनवलेली असते. फुसक्या भोकात तोटा आहे आणि तोट्याच्या पोटात केप आहे. ठोका तोट्याला लागला की केपला, हे वरून कोणाला दिसतं?

पाण्याचं म्हणाल तर इमल्शन मुळातच पाण्याच्या भोकांसाठी असतं. आणि केपचं तोंड रबरी बुचावर दाबून बंद केलेलं असतं. एखाद्या केपमध्ये पाणी शिरून ती मरेल, शेजारची चार वर्षांनीही जिवंत निघेल. बाहेरून फरक ओळखता येत नाही.

पिवळी नळी म्हणजे नोनेलची. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची, आतून पोकळ, आतल्या अंगाला स्फोटक भुकटीचा अगदी पातळ थर. हिच्यातून दर सेकंदाला २००० मीटरच्या आसपास वेगानं धक्का जातो आणि केपला लागतो. ही नळी ओढून काढायची नसते. ती रबरासारखी ताणली जाते, ताणून तुटली की तुटलेलं टोक झटक्यानं आत मिटतं, आणि त्या झटक्यानं नळी पेटून केप उडाल्याचे प्रकार खाणींमध्ये नोंदलेले आहेत. म्हणजे तुमचा सब्बलवाला सब्बल न मारता, नुसती नळी ओढूनही जाऊ शकतो.

पोकलंडवाला_२१०

राग मानू नका, पण गिट्टी खदानीत आम्ही बारनंतरचे मोठे बोल्डर ब्रेकरनं फोडतो. तोट्याचे तुकडे मलब्यात दिसतात, बकेटखाली चिरडतात, काही होत नाही. इमल्शन विस्तवात टाकलं तरी नुसतं जळतं हे सगळ्यांना माहीत आहे. मग एवढी भीती कशाला?

रसायन_शिक्षक

दादा, तुम्ही पाहिलं ते खरं आहे, त्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकतो. (विस्तवाचा प्रयोग मात्र कोणी करू नये. उघड्यावर थोडं जळून जाणारं इमल्शन कोंडून तापवलं की स्फोटापर्यंत जातं.) प्रश्न चांगला आहे, म्हणून थोडं सविस्तर.

ठोका बसला की वस्तू तापते आणि तापली की उडते, असं आपण धरून चालतो. हिशेब करून पाहा. ५ किलोचं वजन ४० सेंटिमीटरवरून पडलं तर सुमारे २० ज्यूल ऊर्जा. एवढी सगळी ऊर्जा २५ ग्रॅम तांब्याच्या तुकड्यात जिरली तरी तांबं फक्त २ अंशांनी तापेल. २ अंशांनी काय उडणार? तरीही असल्या ठोक्यानं स्फोटकं उडतात. याचं उत्तर केंब्रिजमध्ये बोडन आणि योफ यांनी शोधलं. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९५२ साली आलं. ऊर्जा सगळ्या पदार्थात सारखी वाटली जात नाही. ती काही बारीक ठिपक्यांत गोळा होते. हे तप्त बिंदू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून थोडे लहान-मोठे असतात, टिकतात सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी, पण त्यांचं तापमान ४००-५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. बाकीचा पदार्थ थंडच असतो. तो एक ठिपका पेटला आणि त्यानं शेजारच्याला पेटवलं की पुढचं आपोआप होतं. ठिपका विझला तर काहीच दिसत नाही.

असे बिंदू तयार होण्याच्या दोन वाटा महत्त्वाच्या. पहिली कोंडलेल्या हवेची. पदार्थात बारीक बुडबुडा असतो, ठोक्यानं तो क्षणात दाबला जातो आणि आतली हवा तापते. सायकलचा पंप मारताना खालचं टोक गरम होतं ते याच कारणानं. ट्रॅक्टरच्या इंजिनाला प्लग नसतो हे तुम्हाला माहीतच आहे. १७-१८ पटीनं हवा दाबली की ती ५०० अंशांच्या वर जाते आणि डिझेल नुसतं फवारलं तरी पेटतं. बुडबुड्यात तेच घडतं, फक्त सिलेंडर डोळ्यांना न दिसण्याइतका लहान.

दुसरी वाट घासण्याची. दोन कडक कण एकमेकांवर घासले की टेकलेल्या टोकांवर तापमान झपाट्यानं चढतं, पण किती चढेल याला मर्यादा असते. जो पदार्थ आधी वितळतो, त्याच्या वितळण्याच्या तापमानाशी ते अडतं, कारण वितळला की तो वंगण होतो. म्हणून मेणाचा कण मधे आला तर धोका उलट कमी होतो. कित्येक स्फोटकांत मेण मिसळतात ते यासाठीच. आणि वाळूचा कण आला तर? गारगोटी १७०० अंशांच्या पुढे वितळते. तोवर पदार्थ कधीच पेटलेला असतो. बोडनच्या प्रयोगांत पीईटीएनसाठी ही सीमारेषा ४३० अंशांच्या जवळपास निघाली. त्याखाली वितळणारी कचकच, म्हणजे मधे आलेले बारीक कण, निरुपद्रवी, त्यावर वितळणारी कडक कचकच धोक्याची. कारखान्यांत जमिनीवर कचकच राहू देत नाहीत, अनवाणी किंवा ठरावीक बुटांतच आत सोडतात, ते याचमुळे.

आता तुमच्या विहिरीत पाहा. काळ्या पत्थराचा चुरा, मांजऱ्यातल्या गारगोट्या, भोकात कोंबलेली माती. भोकाच्या आत कचकचच कचकच.

रसायन_शिक्षक

किती जोराचा ठोका, हे राहिलं. यासाठी प्रयोगशाळेत हातोडा-चाचणी असते. पदार्थाचे दाणे, चिमटीपेक्षाही कमी, पोलादाच्या दोन लहान दंडगोलांमध्ये ठेवतात आणि ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडतात. सहा वेळांत निदान एकदा उडेल अशी सगळ्यात कमी ऊर्जा मोजतात. नायट्रोग्लिसरीन ०.२ ज्यूल, पीईटीएन ३, आरडीएक्स साडेसात, टीएनटी १५. घासण्याची चाचणी वेगळी: चिनी मातीच्या खरखरीत पट्टीवर त्याच मातीची खुंटी वजन देऊन सरकवतात. पीईटीएन ६० न्यूटनला, आरडीएक्स १२० ला उडतं, टीएनटी ३५३ न्यूटनलाही शांत राहतं. लेड अझाइड मात्र ०.१ ते १ न्यूटनमध्ये. ०.१ न्यूटन म्हणजे १० ग्रॅमचं वजन! खिशातल्या दोन-तीन नाण्यांचा भार देऊन घासण्यासारखं आहे ते. आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे नियम २ ज्यूल किंवा त्याहून कमी ठोक्याला, अथवा ८० न्यूटनपेक्षा कमी घर्षणाला उडणारा पदार्थ आहे त्या रूपात गाडीत चढवूच देत नाहीत.

हे आकडे उघड्या, चिमूटभर पदार्थाचे आहेत. नळीत बंद असलेल्या केपचे नाहीत. म्हणून ‘३ ज्यूलच्या खाली आपण सुरक्षित’ असा अर्थ कोणी काढू नये. तुलनेसाठी तुमच्याकडचे ठोके मोजा. ६ किलोची सब्बल एक मीटरवरून सोडली तर जवळपास ६० ज्यूल, आणि तेही बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर. काठावरून २० किलोचा दगड २८ फूट खाली पडला तर दीड हजार ज्यूलच्या वर. २० टनी मशीनच्या ब्रेकरचा एक ठोका ढोबळमानानं २००० ते ३००० ज्यूल, आणि असे मिनिटाला चार-पाचशे.

पोकलंडवाला_२१०

बरं, केपचं कळलं. पण मग मलब्यातले तोटे का उडत नाहीत हे अजूनही नीट समजलं नाही. आणि चार वर्षं आम्ही असंच फोडतोय, काही झालं नाही, त्याचं काय?

सुरुंग_वणी

चार वर्षांवर मी सांगतो. ठोक्याचं गणित हो किंवा नाही असं नसतं, शक्यतेचं असतं. त्याच हातोड्यानं, त्याच उंचीवरून, त्याच पदार्थावर दहा वेळा मारलं तर एखाद्या वेळी नऊदा गप्प राहील आणि दहाव्यांदा उडेल. दाणा कसा पडला, बुडबुडा कुठं होता, खडा टोकाखाली आला की बाजूला सरकला, यावर सगळं ठरतं. म्हणून प्रयोगशाळेतही एका ठोक्यावर निकाल देत नाहीत. “काल ठोकलं होतं, काही नाही झालं” हे वाक्य आमच्या धंद्यात सगळ्यात महागाचं.

मलब्यातला इमल्शनचा तुकडा उघडा असतो. बकेटखाली आला की लोण्यासारखा बाजूला पसरतो. ठोक्याची ऊर्जा पसरण्यात जाते. बाकी काही पेटलं तरी दाब तयार व्हायला जागा बंद लागते. भोकातला तोटा चारी बाजूंनी पत्थरात कोंडलेला आहे. वरून ड्रिलची बिट आली, मिनिटाला दोन हजार ठोके, शिवाय फिरतेय, शिवाय खाली पत्थराचा चुरा, आणि पदार्थाला पळायला जागाच नाही. अशा वेळी ठोक्याला गप्प राहणारं इमल्शनही उडालेलं आहे. उरलेल्या भोकात परत ड्रिल घालू नये हा नियम खाणीत इतका कडक का, त्याचं कारण हेच. आमच्याकडं त्या उरलेल्या भोकाला सॉकेट म्हणतात. बार उडाल्यावर भोकाचा तळ सहा-आठ इंच तसाच राहतो. कॉम्प्रेसरवाल्याला तिथं तयार खळगा मिळतो, बिट घसरत नाही, म्हणून त्याचा हात तिकडेच जातो. विहिरीच्या कामातले बरेच अपघात आळसाच्या या एका क्षणाचे असतात. सॉकेटच्या तळाशी न जळालेला तोटा किंवा केप असू शकते. आधी सगळे सॉकेट धुऊन पाहायचे, त्यात लाकडी खुंट्या ठोकायच्या म्हणजे ते नजरेत राहतात, आणि नवीन भोक दुसरीकडं घ्यायचं.

(ठोकायच्या म्हटलं, तर तपासलेल्या आणि रिकाम्या ठरलेल्या सॉकेटात, हातानं दाबून. नाहीतर कोणी घण घेऊन जाईल.)

कास्तकार_घाटंजी

सब्बलवाल्याला थांबवलं. काठ बंद केला. नळी ओढल्यानंही उडते हे कोणालाच माहीत नव्हतं बाप्पा. आता हे काढणार कोण आणि कसं? आणि मुळात फुसके गेलेच का?

सुरुंग_वणी

काढणार फक्त परवानाधारक ब्लास्टर. ज्यानं भरलं त्याच्याकडं परवाना असेल तर जबाबदारी त्याची. तो फोन उचलत नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी द्या, भोकांची संख्या, आवाज किती, तारीख, नळीचा रंग, कुठल्या कोपऱ्यात, सगळं लिहून. तातडीला ११२. पोलीस बॉम्बशोधक पथकाला बोलावतील किंवा ब्लास्टर आणतील. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे, तिथंही कळवता येतं. बिनपरवान्यानं भरलेलं निघालं तर तुम्हालाही प्रश्न विचारले जातील, पण लपवून ठेवलं तर पुढचे प्रश्न फार वाईट असतील.

तो आल्यावर काय करेल हे माहीत असलं तर चुकीचा माणूस तुम्हाला ओळखता येईल. तो भरलेलं भोक उकरणार नाही. तोटा किंवा केप ओढून काढणार नाही. जुन्या भोकात ड्रिल घालणार नाही. खाणीचा नियम असा की फुसक्या भोकाशेजारी दुसरं भोक घ्यायचं, दोन्ही भोकं कुठंही एकमेकांच्या ३० सेंटिमीटरच्या आत येणार नाहीत अशा दिशेनं, आणि ते उडवून जुन्याला मोकळं करायचं. जुनं भोक सरळ होतं की तिरपं हे कळल्याशिवाय हे करता येत नाही. वर ३० सेंटिमीटर सोडलं आणि खाली जाऊन दोन्ही भोकं भिडली तर काय उपयोग? त्यानंतर मलबा हातानं, थोडा थोडा, उजेडात पाहत काढायचा, कारण न उडालेली केप त्यात असू शकते. जो माणूस येऊन म्हणेल “उकरून काढून देतो, हजार रुपये द्या”, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

फुसके का गेले, हे विहीर न पाहता ठामपणे सांगता येत नाही, पण नेहमीची कारणं दोन-तीनच. नळ्या जोडताना जोड नीट बसला नाही. आधी उडालेल्या बारच्या दगडानं शेजारची नळी कापली. किंवा आधीच्या भोकानं शेजारचं भोकच सरकवलं, भोकं फार जवळ असली की असं होतं. आणि आवाज मोजायला एकच माणूस ठेवायचा असतो. ८ की ९ असा वाद असेल तर कमी आकडा खरा धरायचा, म्हणजे तुमच्याकडं ३ फुसके आहेत. खाणीत वातीच्या बारला फुसक्याची शंका आली तर शेवटच्या आवाजानंतर ३० मिनिटं कोणी जवळ जात नाही, कारण वात आत धुमसत राहून उशिरा पोचू शकते.

गणेशपूर_विहीर_ठेका

वरच्या माहितीत भरतानाच्या घासण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण नवीन पोरं इथंच चुकतात. जॅकहॅमरच्या भोकाची रुंदी ३२ ते ३४ मिलिमीटर आणि तोटा २५ चा. म्हणजे तोटा सहज जायला पाहिजे. बिट झिजली की भोक खाली खाली अरुंद होतं. मांजऱ्यात तर कडेचे दाणे निसटून भोकात अडकतात. मग तोटा अर्ध्यावर अडला की पोरगं लोखंडी रॉड शोधतं. भोकात लोखंड घालायचं नाही. ठासणी सरळ लाकडाची, टोकाला खिळा किंवा पत्रा नसलेली. केप असलेला तोटा तर ठासायचाच नाही, अलगद बसवायचा. अडला तर अडला, जोर लावायचा नाही, ब्लास्टरला सांगायचं. भोक भरण्याआधी लाकडी काठीनं खोली आणि अडथळा तपासला असता तर ही वेळच येत नाही, पण कोण तपासतो? रोजी मीटरवर ठरते.

आणि वातीची केप दातानं दाबून बसवणारे म्हातारे अजून आहेत. केपच्या तोंडाकडची बाजू दाबतो म्हणे, तळाची नाही. दात घसरायला अर्धा इंच लागतो. त्यासाठी केप-पक्कड मिळते. विजेवर चालणाऱ्या केपांवर सरकारनं १ एप्रिल २०२५ पासून बंदी घातली आहे. कोणी अजून दोन तारांची केप आणून बॅटरीला लावत असेल तर तो माल कुठून आला हे आधी विचारा.

मेळघाट_वाचक

यालाच लागून एक विचारतो. मामांच्या जुन्या घरात लाकडी पेटीत जिलेटीनच्या कांड्या सापडल्यात, कागदात गुंडाळलेल्या. कागदावर तेलाचे डाग आणि पेटीच्या तळाला चिकट ओल आहे. फार जुन्या आहेत, आता कामाच्या नसतील. नदीत टाकून द्याव्या का?

रसायन_शिक्षक

नाही! पेटी हलवू नका, झाकण परत लावू नका, त्या खोलीतून बाहेर या आणि ११२ ला फोन करा. पोचवायला घेऊन जाणं तर अजिबात नको.

कामाच्या नसतील हा समज उलटा आहे. जुन्या जिलेटीनमध्ये नायट्रोग्लिसरीन असायचं. आपल्याकडं २००४ पासून तसली स्फोटकं बंद झाली, म्हणजे तुमच्या कांड्या त्याआधीच्या असण्याची शक्यता मोठी. वर्षानुवर्षं आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिल्या की त्यांना घाम सुटतो. द्रव नायट्रोग्लिसरीन कागदातून बाहेर झिरपतं. ते तेलकट डाग आणि चिकट ओल तीच असू शकते. वर आकडा दिलाय, ०.२ ज्यूल. पाव किलोचा बत्ता १० सेंटिमीटरवरून पडला तरी त्याहून जास्त होतो. म्हणजे पेटीचा चरचरणारा खिळाही पुरेसा. आल्फ्रेड नोबेलनं १८६७ मध्ये डायनामाइट काढलं ते याच द्रवाला मातीत जिरवून हाताळण्याजोगं करण्यासाठी. कांडीला घाम आला की तो द्रव परत सुटा झाला, आणि नोबेलनं केलेलं काम पुसलं गेलं.

पुलगाव_रस्ता

भंगाराचाही उल्लेख करा कोणी. आमच्या पट्ट्यात तो मोठा विषय आहे. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळच्या मैदानावर निकामी करायला आणलेला दारूगोळा उतरवताना स्फोट झाला, ६ माणसं गेली. अशा मैदानांच्या आसपास पितळ आणि लोखंड वेचणारे लोक असतात. घरी आणून छिन्नी-हातोड्यानं पितळी बूड वेगळं करतात.

सुरुंग_वणी

तोफगोळ्याचं पोट टीएनटीसारख्या पदार्थाचं असतं, ते दणकट. पण नाकावर किंवा बुडाशी फ्यूज असतो, आणि फ्यूजचं कामच ठोका ओळखण्याचं. त्याच्या आत सुई आणि सुईसमोर ठोक्याला नाजूक टोपी, मधे सुरक्षेचे अडसर. डागलेला पण न फुटलेला गोळा असेल तर हे अडसर निघालेले असतात. सुई आणि टोपी यांच्यामध्ये गंजलेली स्प्रिंग किंवा निव्वळ मातीच उरलेली असू शकते. आता त्यावर छिन्नी मारा म्हटलं तर? भंगारवाल्यांनी हेही लक्षात ठेवावं की तांब्या-पितळेच्या जुन्या नळ्यांवर हिरवट-निळसर थर दिसला आणि ती नळी दारूगोळ्याची असेल, तर तो नुसता गंज आहे असं धरू नये. लेड अझाइडला ओल लागून तांब्याशी क्रिया झाली की त्याहून नाजूक अझाइड तयार होतं. केपचं कवच ॲल्युमिनियमचं करतात ते यासाठीच.

कास्तकार_घाटंजी

एक राहिलं. इकडं रानडुकरासाठी काही लोक गोळे टाकतात, कणकेत किंवा आतड्यात गुंडाळलेले. तेही असंच का? नांगरताना फाळाखाली आले तर?

रसायन_शिक्षक

हो, तेही असंच. ते चावण्यावरच उडतात, म्हणजे दाताचा दाब आणि आतल्या कचकचीचं घासणं. त्यात काय असतं ते इथं लिहीत नाही. कुत्र्याचा, गाईचा जबडा त्यानंच फाटतो. उचलणाऱ्या माणसाचा हातही. कारखान्यात होणारी कुठलीच तपासणी त्या गोळ्याची झालेली नसते, म्हणून तो किती नाजूक आहे हे ज्यानं केला त्यालाही माहीत नसतं. उन्हात वाळलेला, वरची कणीक तडकलेला गोळा ओल्यापेक्षा वाईट. काडेपेटीचं पाहा: काडीच्या टोकातला क्लोरेट आणि पेटीच्या बाजूचा तांबडा फॉस्फरस मुद्दाम वेगळे ठेवलेत, तरी एका फटक्यात घासून पेटतात. आपल्या देशात फटाक्यांत क्लोरेट आणि गंधक एकत्र करायला १९९२ पासून बंदी आहे, ती घासण्याच्या याच भीतीनं.

फाळाखाली आला तर उडू शकतो, होय. धुऱ्यालगत, पाणवठ्याच्या वाटेवर, डुकरांच्या उकिरलेल्या जागेवर हे टाकतात. पेरणीआधी धुऱ्यावरून उजेडात एक फेरी मारा. दिसला तर काठीनंही ढकलू नका, दुरून खूण करा, वन विभाग आणि पोलिसांना कळवा. टाकणं हा गुन्हा आहे, दोन्ही कायद्यांत, वन्यजीवांच्याही आणि स्फोटकांच्याही.

पोकलंडवाला_२१०

ठीक आहे, मान्य. फुसका असलेल्या विहिरीवर ब्रेकर लावणार नाही. पण ब्लास्टरनं मोकळं केल्यावर तरी लावता येईल ना? आमचाही हंगाम आहे.

सुरुंग_वणी

येईल. पण त्याच्याकडून तोंडी नको, लेखी घ्या: किती भोकं होती, किती उडाली, किती केप मोजून मिळाल्या. तुमच्या ११ चा हिशेब ११ ला जुळला पाहिजे. नाही जुळला तर पहिला दोन-तीन फुटांचा मलबा ब्रेकरनं नाही, हातानं काढायचा, ब्लास्टर काठावर असताना. त्यानंतर ब्रेकरची छिन्नी जुन्या भोकांच्या रेषेवर टेकवू नका, भोकांच्या मधल्या पत्थरावर टेकवा. मशीनच्या काचेला जाळी बसवलेली असू द्या. आणि ऑपरेटरला हा धागा वाचून दाखवा, मालकाला नाही. लिव्हर त्याच्या हातात असतो.

कास्तकार_घाटंजी

ठाण्यात अर्ज दिला. उद्या सकाळी माणूस पाहायला येतो म्हणाले. तोवर काठावर दोघं जण बसवलेत, पाळीपाळीनं. शेजारच्या वावरातल्या गड्यांनाही सांगून ठेवलं.

गणेशपूर_विहीर_ठेका

त्या दोघांना काठावर नको बसवू भाऊ. विहिरीपासून दूर, बांधाच्या किंवा झाडाच्या आडोशाला बसव. वाट अडवायची आहे, विहीर नाही पाहायची. आणि आभाळ गडगडलं तर त्यांना घरी पाठव. वीज पडली तर केपला ठोकाही लागत नाही आणि घासावंही लागत नाही.